डॉक्टर आनंदीबाई जोशी

अलीबागेच्या किनाऱ्यावर आपण पुष्कळदां फिरावयास जातों. परंतु पुढें जगप्रसिद्ध झालेल्या एका मुलीनें बालपणीं याच गांवीं धडे गिरविले, हें थोड्यांसच ठाऊक असेल. ती मुलगी म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी.

त्यांचा जन्म ता. ३१ मार्च १८६५ रोजीं झाला. माहेरचें नांव यमुना. नवव्या वर्षीं पोस्टखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. गोपाळराव सुमारें वीस वर्षांनीं वडील व स्वभावानें तापट. तथापि पत्नीनें शिकावें, हा त्यांचा ध्यास होता. अलीबागेस बदली झाल्यावरही त्यांनीं हा अभ्यास नेटानें चालविला. चौदाव्या वर्षीं आनंदीबाईंस पुत्र झाला, पण तो दहा दिवसांतच गेला. आपल्या देशांत स्त्री-वैद्य हव्या, हें त्यांच्या मनानें घेतलें.

गोपाळरावांनीं मिशनरी वाइल्डरसाहेबांकडे साहाय्य मागितलें. ख्रिस्ती व्हावें, ही साहेबांची सूचना दांपत्यानें मान्य केली नाहीं. तो पत्रव्यवहार अमेरिकेंतील एका मासिकांत छापला गेला. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंनीं तो वाचला आणि धर्माची अट न घालतां आपलें घर देऊं केलें. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणूं लागल्या.

ता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगालमधील श्रीरामपूर येथें, मिशनच्याच कॉलेजांत, आनंदीबाईंनीं भाषण केलें व आपण हिंदु राहूनच जाऊं आणि येऊं, असें स्पष्ट सांगितलें. एप्रिलांत, नात्याचें कोणी सोबत नसतां, त्या बोटींत बसल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांतून ता. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयांत त्यांची नेमणूकही झाली. परंतु क्षयानें प्रकृति खालावून ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्या निवर्तल्या. वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे गेली. त्यांनीं ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेविली.

विद्यार्थीमित्रहो, साहाय्य घेण्याचा संकोच धरल्यानें कित्येक हुशार मुलें मागें राहतात. कित्येक साहाय्याच्या मोबदल्यांत आपलें मन विकतात. आनंदीबाईंनीं या दोन्ही चुका टाळिल्या. देणाऱ्यानें कसें द्यावें, हें मात्र कार्पेंटरबाईंपासून आम्हां वडील मंडळींनींच शिकावयाचें आहे.