रॉकनीची तालीम

गवयाच्या घरात वाढलेल्या माणसाने फुटबॉलवर लिहावे, हे वाचकांस जरा विचित्र वाटेल. आमचे वडील राजवाड्यावर गाणारे. चेंडू आमच्या अंगणात कधी आलाच नाही. पण अमेरिकेत शिकावयास गेलेल्या एका शिष्याने क्नूट रॉकनीचे चरित्र धाडले आणि मी ते दोन रात्रींत वाचून काढले. खेळ तिकडचा, अंडाकृती चेंडू काखेत घेऊन अकरा जणांनी अकरांना रेटीत पुढे जाण्याचा. माणूस मात्र मला ओळखीचा वाटला.

रॉकनीचा जन्म १८८८ चा, नॉर्वेतील व्हॉस गावचा. वडील बग्ग्या बांधीत. पाच वर्षांचा असताना तो शिकागोस आला. पुढे टपालखात्यात नोकरी करून पैसे साठविले आणि २२ व्या वर्षी, म्हणजे १९१० साली, इंडियानातील साउथ बेंड येथील नोटर डेम या कॅथलिक कॉलेजात नाव घातले. तिथे तो रसायनशास्त्र शिकला आणि खेळला.

चेंडू पुढे फेकण्याची मुभा नियमाने १९०६ पासूनच होती, पण तिचा पुरता उपयोग फारसे कोणी करीत नव्हते. १९१३ च्या उन्हाळ्यात ईरी सरोवराकाठी नोकरी करता करता रॉकनी आणि त्याचा मित्र गस डोरे वाळूत रोज चेंडू फेकीत व झेलीत राहिले. १ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंट येथे त्यांनी लष्करी विद्यालयाच्या बलाढ्य संघास ३५–१३ असे हरविले. नियम सात वर्षे सर्वांच्याच हाती होता. रियाज तेवढा कोणी केला नव्हता!

१९१८ मध्ये तो मुख्य शिक्षक झाला. कॉलेज लहान, पूर्वेकडील श्रीमंत विद्यापीठांपुढे त्याचा पाड कोण लावणार? मग मुले आणावीत कोठून? पुष्कळदा जुने शिष्यच ती धाडीत. १९१८ मध्ये रॉकनीच्या हाताखाली खेळलेला कर्ली लॅम्बो ग्रीन बे येथील शाळेत शिकवू लागला, आणि त्याच्या तालमीतला जिम क्राउली पुढे नोटर डेमला आला. डॉन मिलरचे थोरले भाऊ तिथे आधीच खेळून गेले होते. आपल्या घराण्यांतही असेच चालते. शिष्य आपला शिष्य गुरूच्या पायांशी नेऊन बसवितो. क्राउली, मिलर, लेडन आणि स्टुलड्रेअर हे चौघे १९२४ मध्ये ‘चार घोडेस्वार’ म्हणून गाजले. अंगाने कोणीही धिप्पाड नव्हते.

हलक्या मुलांनी भारी मुलांना हरवायचे कसे, याचे रॉकनीचे उत्तर मला विशेष रुचले. त्याची मुले एका रचनेत उभी राहत, मग मोजलेल्या पावलांनी सारी एकदम दुसरीकडे सरकत आणि तेवढ्यात चेंडू सुटे. प्रतिपक्षास पाय रोवावयास वेळच मिळत नसे. लय हीच त्याची ताकद. शेवटी १९२७ मध्ये सरकल्यावर पुरता एक सेकंद थांबलेच पाहिजे असा नियम करावा लागला. एका सेकंदाची किंमत तबलजीला विचारावी! दुसरी युक्ती अशी, की सामन्याच्या आरंभी दुय्यम फळी उतरवायची, ती प्रतिपक्षास दमवी, आणि मग ताजे गडी मैदानात येत.

चुकाही झाल्या. १९२६ मध्ये कार्नेगी टेकचा सामना सोपा समजून हा गृहस्थ शिकागोत दुसराच सामना पाहत बसला. इकडे शिष्य १९–० असे हरले. तरी तेरा वर्षांत १०५ विजय, १२ पराभव, ५ बरोबरी, हा हिशेब आजही थक्क करतो. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्ससमध्ये विमानाचा लाकडी पंख हवेतच तुटला आणि आत असलेले आठही जण गेले. रॉकनी अवघा ४३ वर्षांचा होता.

मला पेच पडतो तो जॉर्ज गिपचा. तो १९१६ साली बेसबॉलसाठी आला होता. मैदानावर सहज चेंडू लाथाडताना रॉकनीने त्यास पाहिले आणि आपल्याकडे ओढले. देणगी अलौकिक, पण वर्गात पाऊल नाही, बिलियर्ड्‌स आणि जुगार यांतच वेळ जाई. १९२० मध्ये कॉलेजने त्यास काढले व पुन्हा घेतले. त्याच वर्षी १४ डिसेंबरला घशाच्या विकाराने व न्यूमोनियाने तो २५ व्या वर्षी वारला. आठ वर्षांनी, एका पडत्या हंगामात, रॉकनीने त्याच्या अंतकाळच्या इच्छेची गोष्ट मुलांना ऐकविली आणि लष्करी संघावर १२–६ असा विजय मिळविला. ती इच्छा खरोखर बोलली गेली होती का, याविषयी जाणत्यांना शंका आहे. मला तर तो विजय गोड लागत नाही. गेलेल्या शिष्याचा असा उपयोग गुरूने करावा का? आणि जिवंतपणी त्याला इतके सैल का सोडावे?

हे विचारतो खरा, पण माझ्याकडेही सध्या एक मुलगा आहे. गळा ऐकावा तर अंगावर काटा येतो. आठवड्यातून चार दिवस तो फिरकत नाही, आला की मी रागावत नाही, आणि रोज वेळेवर येणारी मुले माझ्याकडे पाहत राहतात. काल एका मुलीने विचारलेच, गुरुजी, त्याला नियम नाहीत का? मी तंबोरा जुळवू लागलो.