हजरत मूसा (अ.) : मेघछायेखालील वाटचाल

दिव्य कुरआनात ज्या पैगंबरांचे नाव सर्वाधिक वेळा आले आहे, ते हजरत मूसा (अलैहिस्सलाम) होत. त्यांचा नामोल्लेख १३६ वेळा आढळतो. त्यांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु काठीचा साप झाला, समुद्र दुभंगला आणि फिरऔन बुडाला, एवढेच बहुधा आपल्या लक्षात राहते. अल्लाहने या आपल्या दासाला वाट कशी दाखविली आणि त्याचे रक्षण कोणत्या रीतीने केले, हा त्या कथेचा गाभा मात्र दुर्लक्षित राहतो.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील वाचकांना हा प्रश्न परका नाही. दिवाळी उलटली की सातपुड्याच्या पाड्यांवरून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघतात. आपल्या मोहल्ल्यांतील तरुणही रोजगारासाठी सुरत-मुंबईची वाट धरतात. १९७९ साली स्थापन झालेल्या अक्कलकुवा येथील जामिया इस्लामिया इशाअतुल उलूममध्ये दूरच्या राज्यांतील मुले आई-वडिलांना सोडून शिक्षणासाठी येतात. घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या आणि त्याला निरोप देणाऱ्या प्रत्येक मातेच्या मनात दोनच प्रश्न असतात : वाट कोण दाखवील आणि रक्षण कोण करील? मूसा (अ.) यांचे सारे जीवन म्हणजे या दोन प्रश्नांचे उत्तर होय.

हे जीवनचरित्र कुरआनाप्रमाणेच तौरात या इब्रानी ग्रंथातही आले आहे. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठीभाषक बेने इस्राईल समाज वल्हांडणाच्या सणाला याच मुक्तीच्या कथेचे वाचन करतो. त्या रात्री वाचावयाची पोथी मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. म्हणजे ही कथा मराठी घरांत दोन वाटांनी पोहोचली आहे. पूर्वीच्या ग्रंथांविषयी आपल्याला मिळालेली शिकवण स्पष्ट आहे. जे कुरआनाशी जुळते ते आपण मान्य करतो, जे विसंगत आहे ते सोडून देतो आणि ज्याविषयी कुरआन मौन आहे त्याला खरेही म्हणत नाही, खोटेही म्हणत नाही. याच मर्यादेत राहून पुढील वृत्तांत वाचावा.

मूसा (अ.) यांचा जन्म इजिप्तमध्ये झाला, तेव्हा फिरऔनच्या हुकुमाने बनी इस्राईलच्या मुलग्यांची हत्या होत होती. अल्लाहने त्यांच्या मातेच्या अंतःकरणात घातले की, बाळाला दूध पाजावे आणि भीती वाटू लागताच त्याला पेटीत ठेवून नदीत सोडावे. वाचकहो, क्षणभर विचार करा. कोणती माता बाळाला वाचविण्यासाठी पाण्यात सोडील? परंतु तिने आज्ञा पाळली. ती पेटी फिरऔनच्याच घरच्या माणसांनी उचलली. कुरआनानुसार फिरऔनच्या पत्नीने, तर तौरातनुसार त्याच्या कन्येने त्या बालकाला आश्रय दिला. मूसा (अ.) यांची बहीण दुरून लक्ष ठेवून होती. बाळ कोणत्याही दाईचे दूध घेईना, तेव्हा तिने एक घर सुचविले आणि बाळ आपल्या मातेच्याच कुशीत परतले. ज्या घरातून मृत्यूचा हुकूम निघाला होता, तेच घर त्याच्या पालनपोषणाचे स्थान झाले. मातेला या प्रवासाचा शेवट डोळ्यांनी दिसत नव्हता. तिच्याजवळ अल्लाहचे वचन आणि पुढचे एकच पाऊल होते.

तरुणपणी त्यांच्या हातून एक अकल्पित घटना घडली. एका अत्याचारितास सोडविताना त्यांनी मारलेल्या ठोशाने एक इजिप्शियन मरण पावला. त्यांनी तत्काळ अल्लाहची क्षमा मागितली व ती त्यांना मिळाली. पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाहून धावत आलेल्या एका माणसाने दरबारात त्यांच्या वधाचा विचार चालल्याचे कळविले. ते एकटे व भयभीत अवस्थेत बाहेर पडले आणि आपला पालनकर्ता आपल्याला योग्य मार्ग दाखवील, या आशेवर मदयनकडे वळले.

मदयनच्या विहिरीवर गुराख्यांची गर्दी होती. दोन मुली आपली जनावरे आवरून बाजूला उभ्या होत्या. थकलेल्या, निर्वासित मूसा (अ.) यांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले, मोबदला मागितला नाही आणि सावलीत बसून अल्लाहपाशी आपली गरज व्यक्त केली. त्याच मुलींपैकी एक परत आली आणि तिच्या वडिलांचे बोलावणे मिळाले. तेथे त्यांना आसरा, काम आणि पत्नी लाभली. आठ वर्षे सेवेचा करार झाला होता. दहा पूर्ण करणे त्यांच्या इच्छेवर सोडले होते. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या रिवायतीनुसार त्यांनी अधिक मुदतच पूर्ण केली. परमुलखात कामाला जाणाऱ्या आपल्या तरुणांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. मार्गदर्शन मिळाले ते दुर्बलांना मदत केल्यानंतर आणि दिलेल्या शब्दाला जागणाऱ्या माणसाला.

मुदत संपल्यावर कुटुंबासह परत निघालेल्या मूसा (अ.) यांना रात्रीच्या वेळी तूर पर्वताच्या बाजूस अग्नी दिसला. तेथून निखारा आणावा किंवा वाटेची माहिती मिळवावी, एवढाच त्यांचा हेतू होता. परंतु तेथे अल्लाहने त्यांना संबोधिले, पैगंबरी बहाल केली आणि फिरऔनकडे जाण्याची आज्ञा दिली. ज्या माणसाला त्या रात्रीपुरती वाट हवी होती, त्याच्याकडे एका संपूर्ण जनसमूहाला वाट दाखविण्याचे कार्य आले. त्यांनी आपली उणीव लपविली नाही. छाती प्रशस्त व्हावी, जिभेची गाठ सुटावी आणि बंधू हारून (अ.) यांची साथ मिळावी, अशी दुआ केली. ती मान्य झाली. अशा जुलमी राजाशीही सौम्यपणे बोलावे, असा आदेश दोघा बंधूंना मिळाला. आज घरातल्या घरात कठोर शब्द वापरणाऱ्या आपण सर्वांनी या आदेशापुढे थांबून विचार केला पाहिजे.

फिरऔनने निशाण्या पाहिल्या, जादूगारांनी श्रद्धा स्वीकारली, संकटामागून संकट आले. तरी त्याचा अहंकार ओसरला नाही. अखेर मूसा (अ.) रात्रीच्या वेळी बनी इस्राईलला घेऊन निघाले.

येथे तौरातमध्ये एक अर्थपूर्ण वृत्तांत येतो. त्यात म्हटल्यानुसार जवळचा रस्ता पलिश्त्यांच्या देशातून जात होता. परंतु नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या या लोकांनी युद्ध पाहून माघार घेऊ नये, म्हणून ईश्वराने त्यांना रानातल्या लांबच्या वाटेने नेले. दिवसा मेघस्तंभ त्यांच्या पुढे चाले आणि रात्री अग्निस्तंभ प्रकाश देई. मागून फिरऔनचे सैन्य आले, तेव्हा पुढे असलेला मेघ मागे जाऊन दोहोंमध्ये उभा राहिला. कुरआनानेही अल्लाहने बनी इस्राईलवर ढगाची छाया केल्याचे सांगितले आहे. जवळची वाट बंद होऊन लांबची वाट पदरी पडली की आपण नशिबाला दोष देतो. नोकरी लांबली, सोयरीक मोडली, प्रवेश हुकला, तर अल्लाह आपल्याला विसरला, असे वाटू लागते. हा वृत्तांत सांगतो की, आपल्या दुर्बलतेची जाण असलेला पालनकर्ता कधी कधी लांबच्या वाटेनेच आपले रक्षण करतो.

समुद्रकाठी लोक घाबरले. पुढे पाणी आणि मागे सैन्य होते. मूसा (अ.) यांची श्रद्धा मात्र ढळली नाही. पालनकर्ता आपल्यासोबत आहे आणि तो मार्ग दाखवील, हे त्यांनी निश्चयाने सांगितले. मार्ग कोठून निघेल, हे अद्याप प्रकट झाले नव्हते. मग काठी मारण्याची आज्ञा झाली, पाणी दुभंगले आणि ते लोक पार झाले. पाठलाग करणारा फिरऔन सैन्यासह बुडाला.

यापुढचा भाग अधिक गंभीर आहे. वाळवंटात या लोकांवर ढगाची सावली होती, खाण्यास मन्न व सलवा होते आणि मूसा (अ.) यांनी काठी मारताच खडकातून १२ झरे फुटले होते. तौरातनुसार मन्न दररोज गोळा करावे लागे आणि आज्ञेविरुद्ध साठविलेले नासून जाई. ढग हलला की तळ हलवावयाचा आणि ढग थांबला की थांबावयाचे, मग तो दोन दिवस थांबो वा महिनाभर. चालण्याप्रमाणेच थांबणे हेही आज्ञापालन होते.

तरीही ही पिढी डळमळली. मूसा (अ.) ४० रात्रींसाठी तूरवर गेले, तेव्हा लोकांनी वासराची पूजा आरंभिली. तौरातमध्ये हा दोष हारून (अ.) यांच्याकडे दिला आहे; कुरआनाने मात्र ते सामिरीचे कृत्य असल्याचे आणि हारून (अ.) यांनी लोकांना रोखण्याचा प्रयत्न केल्याचे सांगून या पैगंबरावरील आरोप दूर केला आहे. पुढे पवित्र भूमीत प्रवेश करण्याची आज्ञा झाली, तेव्हा तेथील बलाढ्य लोकांच्या भीतीने त्यांनी साफ नकार दिला. अल्लाहचे भय बाळगणाऱ्या दोघांनी धीर दिला, तो त्यांनी ऐकला नाही. परिणामी ती भूमी त्यांना ४० वर्षे निषिद्ध झाली आणि ते रानात भटकत राहिले.

वाचकहो, आपल्या विचारासाठी खरा मुद्दा येथेच आहे. सावली, अन्न आणि पाणी लाभलेले लोकही मुक्कामाला पोहोचले नाहीत. कारण त्यांनी संरक्षण स्वीकारले, पण मार्गदर्शन नाकारले. आपणही अल्लाहकडे आरोग्य, बरकत आणि मुलांची सुरक्षितता मागतो. त्याच वेळी व्यवहारात, वारसावाटपात आणि शेजाऱ्याच्या हक्कात त्याने दाखविलेली वाट टाळतो. बहिणीचा हिस्सा दाबून ठेवणाऱ्याने घरावर अल्लाहच्या कृपेची छाया मागावी, यात विसंगती नाही काय?

मूसा (अ.) यांनाही प्रत्येक गोष्टीचे कारण आधी सांगितले गेले नव्हते. हजरत खिज्र (अ.) यांच्यासोबतच्या प्रवासात गरिबांच्या नावेला भोक पाडलेले पाहून ते अस्वस्थ झाले. नंतर उलगडले की, चांगल्या नावा बळजबरीने हिरावून घेणाऱ्या राजापासून ती नाव त्या भोकामुळेच वाचणार होती. जे नुकसान दिसत होते, तेच संरक्षण होते.

आयुष्याच्या अखेरीस मूसा (अ.) पवित्र भूमीच्या समीप आले, पण तिच्यात त्यांचे पाऊल पडले नाही. तौरातनुसार त्यांचे वय त्या वेळी १२० वर्षांचे होते. हदीसनुसार त्यांनी पवित्र भूमीपासून एका दगडफेकीच्या अंतरावर मृत्यू यावा, अशी इच्छा केली, त्यांची कबर वाटेच्या कडेला, लाल वाळूच्या टेकडीजवळ असल्याचे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. त्यांच्या पैगंबरीला यामुळे उणेपणा आला नाही. त्यांचे काम वाट दाखविणे होते आणि ते त्यांनी अखेरपर्यंत केले. आपल्या कष्टांचे फळ आपल्याच हयातीत दिसले पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्या आई-वडिलांना यात मोठा दिलासा आहे.

मूसा (अ.) यांचे आपल्यावर थेट उपकारही आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले, तेव्हा तेथील यहुदी फिरऔनपासून झालेल्या सुटकेची कृतज्ञता म्हणून आशुराचा रोजा ठेवीत असलेले त्यांना दिसले. मूसा (अ.) यांच्याशी आपले नाते अधिक जवळचे आहे, असे सांगून त्यांनी स्वतः रोजा ठेवला व मुस्लिमांनाही सांगितले. मेराजच्या रात्री ५० नमाजांचा आदेश झाला, तेव्हा उम्मतला हे भारी पडेल, म्हणून परत जाऊन सवलत मागण्याचा आग्रह मूसा (अ.) यांनीच पुनःपुन्हा केला. बनी इस्राईलचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. अखेर पाच नमाजा राहिल्या आणि पुण्य मात्र ५० चेच ठेवले गेले.

या पाच वेळांच्या फर्ज नमाजांत १७ रकाती होतात आणि प्रत्येक रकातीत सूरह फातिहाद्वारे आपण सरळ मार्ग मागतो. मार्गदर्शन एकदाच मागून आयुष्यभर पुरत नाही. ते रोजच्या रोज मागावे लागते आणि मिळाले की त्यावर चालावे लागते. घराबाहेर निघणाऱ्या मुलाला शिदोरी बांधून देताना ही गोष्टही त्याच्यासोबत द्यावी आणि आपणही ती आचरणात आणावी.

अल्लाह आपणा सर्वांना मागितलेल्या मार्गावर चालण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.