मतभेदातही स्नेह जपणारे राजाजी

२५ डिसेंबर १९७२ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे मद्रास येथे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ९४ वर्षांचे होते. अंत्यसंस्कारासाठी जमलेल्या मान्यवरांमध्ये चाकांच्या खुर्चीत बसून आलेले ९३ वर्षांचे एक वृद्ध गृहस्थ होते आणि त्यांना अश्रू आवरत नव्हते. ते होते पेरियार ई. व्ही. रामसामी. राजाजी श्रद्धाळू वैष्णव, गीता आणि उपनिषदांचे भाष्यकार. पेरियार कट्टर निरीश्वरवादी आणि ब्राह्मणी वर्चस्वाचे कडवे विरोधक. सुमारे अर्धशतक हे दोघे सार्वजनिक जीवनात एकमेकांच्या विरोधात उभे राहिले, तरी त्यांची मैत्री तुटली नाही. राजाजींच्या संपूर्ण आयुष्याचे सार या एका दृश्यात सामावलेले आहे.

राजाजींचा जन्म १० डिसेंबर १८७८ रोजी तत्कालीन सेलम जिल्ह्यातील थोरापल्ली या लहानशा गावी झाला. बंगळूर आणि मद्रास येथे शिक्षण घेऊन त्यांनी १९०० च्या सुमारास सेलम येथे वकिली सुरू केली. अल्पावधीतच फौजदारी खटल्यांतील निष्णात वकील म्हणून त्यांचे नाव झाले. १९१७ मध्ये ते सेलम नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. शेजारच्या इरोड नगरपालिकेचा कारभार पुढे पेरियार यांच्याकडे आला. दोघांची ओळख याच काळातली. पेरियार यांनी काँग्रेसमध्ये यावे, यासाठी राजाजींनीच आग्रह धरला होता. १९२५ मध्ये पेरियार काँग्रेसमधून बाहेर पडले आणि त्यांचे मार्ग कायमचे वेगळे झाले.

मार्च १९१९ मध्ये रौलट कायद्याच्या विरोधात दौऱ्यावर असलेले महात्मा गांधी मद्रासमध्ये राजाजींच्या घरी उतरले होते. देशव्यापी हरताळाची कल्पना गांधीजींना याच घरी सुचली. राजाजींनी वकिली सोडली, तुरुंगवास पत्करला आणि गांधीजी कारागृहात असताना त्यांच्या 'यंग इंडिया' या साप्ताहिकाचे संपादनही केले. डिसेंबर १९२२ मधील गया काँग्रेसमध्ये कायदेमंडळात प्रवेश करावा की नाही, यावर मोठा वाद झाला. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू प्रवेशाच्या बाजूने होते. बहिष्कार चालू ठेवावा, असे म्हणणाऱ्यांचे नेतृत्व राजाजींनी केले आणि बहुमतही मिळवले. पंधरा वर्षांनी मात्र तेच मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री झाले. परिस्थिती बदलली की भूमिका बदलण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

राजाजींच्या आयुष्यातील अनेक महत्त्वाच्या प्रसंगांचे स्थान महाराष्ट्र होते. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवडा कारागृहात गांधीजींचे उपोषण चालू असताना पुणे करार झाला. करार घडवून आणणाऱ्यांमध्ये राजाजी होते. स्वाक्षऱ्या झाल्यानंतर राजाजी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपापली फाउंटन पेने एकमेकांना दिली. या सौजन्यामुळे दोघांतील वाद मिटला असे नव्हे. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर काँग्रेसने काय केले, या विषयावर आंबेडकरांनी १९४५ मध्ये परखड ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याचे खंडन करणारी पुस्तिका राजाजींनीच १९४६ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९५०-५१ मध्ये हे दोघेही केंद्रीय मंत्रिमंडळात सहकारी होते.

राजाजींची कन्या लक्ष्मी आणि गांधीजींचे धाकटे पुत्र देवदास यांना परस्परांशी विवाह करावयाचा होता. वर ब्राह्मणेतर आणि वधू ब्राह्मण, असा हा विवाह होता. दोन्ही वडिलांनी त्यांना काही वर्षे एकमेकांपासून दूर राहून आपला निश्चय पारखून पाहण्यास सांगितले. ही कसोटी पार पडल्यानंतर जून १९३३ मध्ये पुण्यातील 'पर्णकुटी' या निवासस्थानी हा विवाह साधेपणाने झाला. पौरोहित्य वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी केले.

गांधीजी आता व्याही झाले होते, तथापि राजाजींच्या स्पष्टवक्तेपणात फरक पडला नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी गांधीजींपेक्षा वेगळी भूमिका घेतली. ब्रिटनने स्वातंत्र्याची हमी द्यावी आणि केंद्रात राष्ट्रीय सरकार स्थापन करावे, तसे झाल्यास भारताने युद्धप्रयत्नांत सहकार्य करावे, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींना अहिंसेच्या तत्त्वामुळे हे मान्य नव्हते. जुलै १९४० मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत राजाजींचा विचार संमत झाला. सरदार वल्लभभाई पटेल यांनाही त्यांनी आपल्या बाजूला वळवले होते. ब्रिटिश सरकारने तो प्रस्ताव मान्य केला नाही. त्यानंतर गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह पुकारला, तेव्हा राजाजी त्यात सहभागी झाले आणि डिसेंबर १९४० मध्ये पुन्हा तुरुंगात गेले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण कालखंड १९४२ चा होता. जपानी सैन्य भारताच्या सीमेजवळ पोहोचले होते. अशा वेळी काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यात समझोता झाला नाही तर देशाचे मोठे नुकसान होईल, असे राजाजींचे मत होते. मुस्लिमबहुल भागांचा वेगळे होण्याचा हक्क तत्त्वतः मान्य करावा, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. अलाहाबाद येथे अखिल भारतीय काँग्रेस समितीने तो १२० विरुद्ध १५ मतांनी फेटाळला. राजाजींनी पक्षाचे सदस्यत्व आणि विधानसभेची जागा दोन्ही सोडली, आणि आपले म्हणणे लोकांपुढे मांडत ते एकटे फिरू लागले. ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या 'छोडो भारत' आंदोलनालाही त्यांचा विरोध होता. त्यांचे सर्व सहकारी कारावासात असताना ते बाहेर होते. देशद्रोहाचा आरोप त्यांना अनेकांकडून ऐकावा लागला. सभांमध्ये त्यांच्याविरुद्ध निदर्शने झाली.

गांधीजींशी असलेला त्यांचा संवाद मात्र खंडित झाला नाही. फेब्रुवारी-मार्च १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण केले. त्या वेळी राजाजींनी त्यांची भेट घेऊन आपली योजना त्यांच्यापुढे ठेवली. गांधीजींनी तिला संमती दिली. युद्धानंतर वायव्येकडील आणि पूर्वेकडील सलग मुस्लिमबहुल जिल्ह्यांत सार्वमत घ्यावे, विभाजन झालेच तर संरक्षण, व्यापार आणि दळणवळण यांबाबत परस्पर करार व्हावा, आणि लीगने स्वातंत्र्याच्या मागणीला पाठिंबा द्यावा, असे या योजनेचे स्वरूप होते. याच आधारावर ९ ते २७ सप्टेंबर १९४४ या काळात मुंबईत मलबार हिलवरील बॅरिस्टर जीना यांच्या निवासस्थानी गांधी-जीना वाटाघाटी झाल्या. त्या निष्फळ ठरल्या. तीन वर्षांनी देशाची फाळणी झाली. राजाजींची योजना योग्य होती की अयोग्य, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. एवढे मात्र निश्चित की, ज्या विचारासाठी पक्षाने त्यांना दूर केले, त्याच विचारावर चर्चा करण्यासाठी दोन वर्षांनी पक्षाचे सर्वोच्च नेते गेले होते.

पुढे राजाजी काँग्रेसमध्ये परतले आणि स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले. २१ जून १९४८ ते २६ जानेवारी १९५० या काळात ते भारताचे गव्हर्नर जनरल होते. या पदावर आलेले ते एकमेव भारतीय. सरदार पटेल यांच्या निधनानंतर त्यांनी केंद्रीय गृहमंत्रिपद सांभाळले आणि १९५२ मध्ये ते पुन्हा मद्रासचे मुख्यमंत्री झाले. १९५४ मध्ये 'भारतरत्न' सन्मानाच्या पहिल्या तीन मानकऱ्यांत त्यांचा समावेश होता.

विरोधी पक्षात असताना संवादाचा आग्रह धरणारे राजाजी सत्तेवर असताना मात्र नेहमीच तसे वागले नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. १९३८ मध्ये त्यांनी मद्रास प्रांतातील काही शाळांत हिंदी सक्तीची केली. त्याविरुद्ध झालेले आंदोलन मोडण्यासाठी त्यांच्या सरकारने ब्रिटिशांच्याच दडपशाहीच्या कायद्याचा आधार घेतला. पेरियार यांना कारावास झाला. दोन तरुण आंदोलकांचा तुरुंगवासाच्या काळात मृत्यू झाला. १९५३ मध्ये त्यांनी ग्रामीण भागातील प्राथमिक शाळांची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. कमी खर्चात अधिक मुलांना शाळेत आणणे, हा त्यांचा उद्देश होता. परंतु वडिलांचा धंदा मुलाने शिकणे म्हणजे जातिव्यवस्थाच पक्की करणे, असा आक्षेप पेरियार आणि द्रविड चळवळीने घेतला. योजना आणण्यापूर्वी राजाजींनी पुरेसा विचारविनिमय केला नव्हता. स्वपक्षातही असंतोष वाढला आणि एप्रिल १९५४ मध्ये त्यांना पदत्याग करावा लागला. त्यांचे उत्तराधिकारी के. कामराज यांनी ती योजना रद्द केली.

तरीही पेरियार यांच्याशी त्यांचा स्नेह कायम राहिला. १९४९ मध्ये आपल्या दुसऱ्या विवाहापूर्वी पेरियार यांनी सल्ला घेण्यासाठी ज्यांची भेट घेतली, ते राजाजीच होते. त्या विवाहावरून पेरियार यांच्या संघटनेत फूट पडली आणि राजाजींनीच हे घडवून आणले, असा संशय व्यक्त झाला. राजाजींनी मित्राचा विश्वास राखला आणि भेटीतील बोलणे जाहीर केले नाही. त्यांनी विवाहाच्या विरोधात मत दिले होते, हे पुष्कळ काळानंतर उजेडात आले.

वयाच्या ८० व्या वर्षी राजाजींनी आयुष्यातील आणखी एका मोठ्या वादाला हात घातला. जानेवारी १९५९ मध्ये नागपूर येथील अधिवेशनात काँग्रेसने सहकारी सामुदायिक शेतीचा ठराव केला. शेतकऱ्याची जमीन आणि उद्योजकाचे स्वातंत्र्य सरकारच्या हाती जाईल, अशी राजाजींना भीती वाटत होती. परवाने आणि कोटा यांच्या कारभारातून भ्रष्टाचार वाढतो, हे ते सातत्याने लिहीत असत. ४ जून १९५९ रोजी मद्रास येथे स्वतंत्र पक्षाच्या स्थापनेची घोषणा झाली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत पक्षाचे अधिवेशन भरले. मुंबईचे मिनू मसानी आणि आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. मूलभूत तत्त्वांच्या बाहेरील सर्व प्रश्नांवर सदस्यांना आपले मत मांडण्याची मोकळीक, ही तरतूद या पक्षाचे वैशिष्ट्य होते. लोकसभेत १९६२ मध्ये पक्षाला १८, तर १९६७ मध्ये ४४ जागा मिळाल्या आणि तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला.

पंडित नेहरूंच्या आर्थिक धोरणावर राजाजींनी कठोर टीका केली. असे असले तरी प्रत्येक प्रश्नावर विरोध करणे त्यांना मान्य नव्हते. अण्वस्त्र चाचण्या थांबवाव्यात, या मागणीसाठी सप्टेंबर १९६२ मध्ये ते गांधी शांती प्रतिष्ठानच्या शिष्टमंडळासह वॉशिंग्टनला गेले आणि राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना भेटले. १९६४ मध्ये नेहरूंनी शेख अब्दुल्ला यांची सुटका करून काश्मीर प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा राजाजींनी त्यास जाहीर पाठिंबा दिला. अब्दुल्लाही त्यांना भेटण्यासाठी मद्रासला आले होते. त्याच महिन्यात, २७ मे रोजी नेहरू निवर्तले. एका प्रिय मित्राला आपण मुकलो, अशा भावनेने राजाजींनी त्यांच्यावर लिहिले. दहा वर्षे चाललेल्या राजकीय संघर्षाची कटुता त्या लेखनात नव्हती.

हिंदीच्या प्रश्नावरही राजाजींचे मत पालटले. १९३८ मध्ये हिंदी सक्तीची करणारे राजाजी १९६५ च्या सुमारास केंद्रीय कारभारात इंग्रजी कायम ठेवावी, या मताचे खंबीर पुरस्कर्ते होते. १९६७ मध्ये त्यांनी द्रविड मुन्नेत्र कळघमशी युती केली आणि सी. एन. अण्णादुराई मुख्यमंत्री झाले. १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यात राजाजींनी दारूबंदी लागू केली होती. १९७१ मध्ये द्रमुक सरकारने दारूबंदी स्थगित करण्याचे ठरवले, तेव्हा ९२ वर्षांचे राजाजी मुख्यमंत्री एम. करुणानिधी यांच्या घरी गेले आणि हा निर्णय घेऊ नये, अशी विनंती त्यांनी केली. ती मान्य झाली नाही.

राजाजी अनेक वाद हरले. १९४२ चा ठराव फेटाळला गेला, शिक्षण योजना रद्द झाली, दारूबंदी उठली. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांतच स्वतंत्र पक्षही विलीन झाला. परंतु १९९१ मध्ये परवाना पद्धती मोठ्या प्रमाणावर रद्द झाली, तेव्हा त्यांच्या लेखनाची अनेकांना आठवण झाली. मत उघडपणे मांडणे, त्यासाठी पद सोडावे लागले तर सोडणे आणि प्रतिपक्षाशी असलेला स्नेह न तोडणे, ही त्यांच्या वादाची रीत होती. सत्तेत असताना या रीतीचा त्यांना विसर पडला, तेव्हा त्याची किंमत इतरांना आणि त्यांनाही मोजावी लागली. राजाजींच्या निधनानंतर एक वर्ष पूर्ण होण्यास एक दिवस असताना, २४ डिसेंबर १९७३ रोजी पेरियार यांचेही निधन झाले. या दोन मित्रांमधील वाद अखेरपर्यंत मिटला नव्हता.