खोटी नोट चालवणारे डॉक्टर

डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ सालचा, आंध्रातल्या भीमावरमचा. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात ते खादीचा झगा घालून शस्त्रक्रियेला उभे राहिले आणि गोऱ्या प्राध्यापकाची खप्पामर्जी ओढवून बसले. एमबीबीएसऐवजी हलकी पदवी पदरात पडली. भाऊ संग्रहणीने गेला. १९२२ मध्ये पत्नी शेषगिरींना मागे ठेवून सुब्बाराव अमेरिकेला निघाले. बोस्टनच्या इस्पितळात रात्री हमालकाम करून ते शिकले.

हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी १९२७ मध्ये स्नायूंतले फॉस्फोक्रिएटिन शोधले. एटीपी ही स्नायूची हातातली रोकड, तर हे द्रव्य म्हणजे तिजोरीतली राखीव शिल्लक. आपले हृदयही याच हिशेबावर धडधडते. (बँकेत हयात घालवलेल्या माणसाला दुसरी उपमा कुठून सुचणार?)

त्याच सुमारास लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत गिरणीकामगार गरोदर बायकांचे रक्त तपासत होती. तांबड्या पेशी फुगलेल्या आणि मोजक्याच. यीस्टच्या अर्काने त्या बायका सुधारतात, हे तिने १९३१ मध्ये मांडले. अर्कातले गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक ॲसिड. लेडर्ली कंपनीत सुब्बारावांच्या चमूने ते १९४५ पर्यंत कृत्रिमरीत्या बनवले. संग्रहणीवरही ते लागू पडले. भावाच्या बाबतीत फार उशीर झाला होता.

मग याच चमूने फॉलिक ॲसिडची हुबेहूब खोटी नोट तयार केली, ॲमिनोप्टेरिन. पेशी ती खरी समजून घेते आणि व्यवहारच ठप्प होतो. नवा डीएनए बनत नाही, विभाजन थांबते. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ती ल्युकेमियाच्या १६ मुलांना दिली. १० मुले सुधारली. सुधारणा तात्पुरती होती, पण तोवर तेवढीही कोणी पाहिली नव्हती.

खोटी नोट हाडांच्या मगजातही खपते, हीच अडचण. तांबड्या पेशी पुन्हा त्या गिरणीतल्या बायकांसारख्या, मोठ्या आणि थोड्या होऊ शकतात. प्राणवायू कमी पोचला की हृदयाला जादा राबावे लागते. माझी पत्नी संधिवातासाठी याच घराण्यातले मेथोट्रेक्सेट घेते, आठवड्यातून एकदाच. जोडीला फॉलिक ॲसिड आणि वेळोवेळी रक्ततपासणी. ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते, म्हणून कॅलेंडरवर खूण मी स्वतः करतो.

फार्बर यांचा लेख जून १९४८ मध्ये छापून आला. ऑगस्टमध्ये, ५३ व्या वर्षी, सुब्बाराव हृदयविकाराने गेले. शेषगिरींशी त्यांची पुन्हा भेट झालीच नाही.