सावित्रीबाई आणि बालहत्येमागची भीती

सावित्रीबाई फुले म्हटले की मुलींची शाळा आठवते. साताऱ्याच्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी जन्म, लहानपणीच जोतीरावांशी लग्न आणि १८४८ पासून पुण्यात अध्यापन, हे सर्वांना ठाऊक असते. १८६३ मध्ये या दांपत्याने सुरू केलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाकडे मात्र आरोग्याच्या अंगाने फारसे पाहिले जात नाही.

त्याला निमित्त घडले एका खुनाचे. जोतीरावांच्या एका मित्राकडे स्वयंपाकाला असलेल्या तरुण ब्राह्मण विधवेला शेजारच्या शास्त्र्यापासून दिवस गेले. गर्भ पाडण्याचे प्रयत्न फसले. मुलगा झाला, तेव्हा तिने त्याला मारून विहिरीत टाकले. तिला जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

तिला क्रूर किंवा वेडी ठरवणे सोपे होते. पण बालविवाहामुळे कोवळ्या वयात विधवा झालेल्या मुली तेव्हा घरोघरी होत्या. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला, तरी वरच्या जातींत तो कागदावरच राहिला. घरातल्या किंवा शेजारच्या पुरुषाने फसवले, तर लोकनिंदा आणि घराबाहेर काढले जाण्याची भीती एकट्या बाईच्या वाट्याला येई.

नवजात बाळाची पहिल्या २४ तासांतली हत्या हा वेगळा प्रकार मानावा, असे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ फिलिप रेस्निक यांनी १९७० मध्ये मांडले. मोठ्या मुलांना मारणाऱ्या आयांमध्ये तीव्र नैराश्य किंवा भ्रमाचे आजार जास्त दिसतात. नवजाताच्या हत्येत ते प्रमाण कमी असते. तिथे आई बहुधा तरुण आणि अविवाहित असते, गर्भारपण लपवलेले असते आणि बाळंतपण एकटीने उरकलेले असते. पुण्यातली ती विधवा या वर्णनात जवळजवळ तंतोतंत बसते.

फुले दांपत्याने नेमका हाच एकटेपणा मोडला. आपल्याच आवारात जागा केली आणि शहरात जाहिराती लावल्या: विधवांनी इथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, ज्याची त्याची मर्जी. नाव फुटणार नाही, ही हमी सर्वांत मोलाची होती. येणाऱ्या बायकांचे बाळंतपण आणि मागे राहिलेल्या बाळांचे संगोपन सावित्रीबाई पाहत. त्यांना स्वतःला मूल नव्हते.

१८८४ च्या अखेरीस जोतीरावांनी सरकारला कळवलेला हिशेब मन विषण्ण करतो. तोवर ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या, पण जगलेली मुले फक्त पाच. बाकीची ३० दगावली. गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातच इजा झाल्याचे कारण त्यांनी नोंदवले. म्हणजे बायका गृहापर्यंत पोहोचत, पण भीती त्यांच्या आधी पोहोचलेली असे.

१८७४ मध्ये तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा दोघांनी दत्तक घेतला. तोच यशवंत. त्याला त्यांनी डॉक्टर केले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा सावित्रीबाईंनी यशवंतकरवी हडपसरजवळ दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तिथे आणले. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.