पर्वत वाचणारा शास्त्रज्ञ

उंच डोंगर चढताना हवा गार होत जाते, हे तुम्हांला ठाऊक असेल. हवेबरोबर झाडेही बदलतात. पायथ्याची झाडे माथ्यावर दिसत नाहीत. असे का होते? या प्रश्नाचा शोध घेत एक शास्त्रज्ञ हजारो मैल फिरले. त्यांचे नाव अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट.

हम्बोल्ट यांचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी जर्मनीतील बर्लिन येथे झाला. लहानपणापासून त्यांना पाने, किडे आणि दगड जमवण्याचा नाद होता. ते नऊ वर्षांचे असताना वडील वारले. मुलाने सरकारी नोकरी करावी, अशी आईची इच्छा होती. ती मान्य करून ते खाणींचे अधिकारी झाले. खाणीत उतरल्यावर त्यांना कामगारांचे हाल दिसले. त्यांनी कामगारांसाठी सुरक्षित दिवा तयार केला आणि स्वतःच्या पैशाने शाळा काढली.

१७९६ साली आई वारली. हम्बोल्ट यांना मोठी संपत्ती मिळाली. दुसरा कोणी आरामात राहिला असता. त्यांनी मात्र नोकरी सोडली आणि १७९९ साली बाँप्लां या फ्रेंच मित्राबरोबर जहाजाने दक्षिण अमेरिका गाठली. बरोबर हवेचा दाब, उष्णता आणि दमटपणा मोजण्याची यंत्रे होती. आकाशाचा निळेपणा मोजण्याचेही एक साधन होते!

२३ जून १८०२ रोजी ते चिंबोराझो पर्वत चढू लागले. हा पर्वत आजच्या इक्वाडोर देशात आहे. त्याची उंची सुमारे ६,२६० मीटर आहे. त्या काळी तो जगातील सर्वांत उंच पर्वत मानला जाई. बर्फ लागताच बहुतेक वाटाडे परत फिरले. पुढची वाट अरुंद होती. धुके दाटले होते. विरळ हवेत दम लागत होता, हिरड्यांतून रक्त येत होते. तरीही ते थांबून यंत्रे पाहत आणि आकडे लिहून घेत. शेवटी एका खोल दरीने वाट अडवली. शिखर थोडेच दूर होते, पण परत फिरावे लागले.

शिखर हुकले, मग मिळाले काय? तेच आता पाहा. इक्वाडोर विषुववृत्तावर आहे. तिथे पायथ्याशी केळी आणि ताडाची झाडे होती. त्यांच्या वर दाट, ओले जंगल होते. हिवतापावरचे औषध देणारी सिंकोनाची झाडे त्यातच वाढत. आणखी वर खुरटी झुडपे, मग नुसते गवत, त्यानंतर दगडांना चिकटलेले दगडफूल आणि शेवटी कायमचा बर्फ. जमीन उन्हाने तापते आणि आपल्याजवळची हवा तापवते. ही हवा वर जाताना पसरते आणि थंड होते. दर १,००० मीटर उंचीला तापमान सरासरी सुमारे ६ अंशांनी उतरते. म्हणून विषुववृत्तावरचा उंच पर्वत चढणे म्हणजे उष्ण प्रदेशातून ध्रुवाकडे जाण्यासारखेच आहे. हजारो मैलांचा बदल तिथे काही मैलांत दिसतो.

हम्बोल्ट यांनी ही सारी माहिती एका मोठ्या चित्रात मांडली. पर्वताच्या चित्रात ज्या उंचीवर जी वनस्पती, तिथेच तिचे नाव लिहिले. बाजूच्या रकान्यांत उष्णता, हवेचा दाब असे आकडे दिले. हे चित्र १८०७ साली पुस्तकाबरोबर छापले गेले. वनस्पती आणि हवामान यांचे नाते त्यामुळे एका नजरेत कळू लागले.

आता त्यांना हिमालय पाहायचा होता. आशियाच्या प्रवासासाठी ते पॅरिसमध्ये फारसी शिकले. होय, आपल्या उर्दूला कितीतरी शब्द देणारी तीच फारसी! परंतु ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना हिंदुस्थानात येण्याची परवानगी दिली नाही. हिमालय राहूनच गेला. तरी ते खचले नाहीत. १८२९ साली, साठाव्या वर्षी, ते रशियामार्गे अल्ताई पर्वतापर्यंत गेले.

प्रवासात आणि पुस्तके छापण्यात त्यांची सारी संपत्ती संपली. ६ मे १८५९ रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नोंदी मात्र आजही उपयोगी पडतात. २०१२ साली शास्त्रज्ञ पुन्हा चिंबोराझोवर गेले. त्यांनी जुन्या नोंदींशी तुलना केली, तेव्हा वनस्पती पूर्वीपेक्षा बऱ्याच वर सरकलेल्या आढळल्या. पृथ्वी तापत असल्याची ही खूण आहे. हम्बोल्ट यांनी धापा टाकत आकडे लिहिले नसते, तर हा बदल आज कसा कळला असता?

मुलांनो, पुढच्या वेळी टेकडी चढाल, तेव्हा माथा गाठण्याची घाई करू नका. वाटेत थांबा, पाहा आणि वहीत लिहून ठेवा.

स्वाध्याय
१. हम्बोल्ट यांनी खाण-कामगारांसाठी काय केले?
२. उंचावर हवा थंड का असते?
३. जवळच्या टेकडीच्या पायथ्याशी व माथ्यावर कोणती झाडे आहेत, ते पाहून लिहा.