गंज पेठेतील घर

खटाव तालुक्यात कटगुण नावाचे गाव आहे. तेथील गोऱ्हे नामक माळी घराण्याकडे चौगुल्याचे काम असे. कुळकर्ण्याशी वैर विकोपास जाऊन त्या घराण्यास गाव सोडावे लागले. पुढे ते पुण्यास आले, पेशव्यांस फुले पुरवू लागले, आणि फुले हेच त्यांचे आडनाव पडले. याच कुळात १८२७ साली जोतीराव जन्मले. त्यांच्या शाळांविषयी वाचकांनी पुष्कळ ऐकले असेल; आज आम्ही त्यांच्या घराविषयी लिहितो.

जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ख्रिस्ती मात्र झाले नाहीत. पत्नी सावित्रीबाई मुलींस शिकविते, म्हणून १८४९ साली लोकांच्या भयाने वडिलांनी उभयतांस घराबाहेर काढले. दार बंद होणे म्हणजे काय, हे त्यांस ठाऊक होते.

म्हणूनच की काय, गंज पेठेतील त्यांच्या घराचे दार पुढे कोणासच बंद राहिले नाही. १८६३ साली फसलेल्या विधवांस गुप्तपणे बाळंत होता यावे अशी सोय त्यांनी तेथे केली. अशाच एका ब्राह्मण विधवेचा पुत्र यशवंत त्यांनी दत्तक घेतला. १८६८ साली तर घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. ज्यांचे आजेपणजे, कोणी वरून पाणी घालील काय, म्हणून रिकामी घागर घेऊन तासन्तास उभे राहिले, त्या आमच्या वाचकांस याची थोरवी सांगणे नको.

१८८८ साली पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी शेवटला ग्रंथ लिहिला. आपला देह मिठात घालून घरामागे पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. खड्डाही खणून ठेविला होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले. वस्तीत प्रेत पुरण्यास नगरपालिकेने परवानगी दिली नाही, म्हणून दहन करावे लागले. दत्तक पुत्राच्या अधिकारास भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून प्रेतापुढे चालल्या. स्त्रीने असे करणे त्या काळी कोणी पाहिले नव्हते. अस्थी मात्र त्याच खड्ड्यात ठेविल्या.

सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करिता करिता १० मार्च रोजी वारल्या. शुश्रूषेत त्यांचा सोबती तोच यशवंत होता. तो डॉक्टर झाला होता. घर आता सरकारने स्मारक म्हणून राखले आहे. मागे समाधी आहे, आणि अंगणात विहीर.